उर्दू सीरत: म्यूरला दिलेलं उत्तर, एवढंच?

धागालेखक: इंग्रजी अमलात उर्दूत लिहिलेली पैगंबरचरित्रं, म्हणजे सीरत, मला बचावाची वकिली वाटतात. विल्यम म्यूर या इंग्रज अधिकाऱ्याचं चार खंडांचं पैगंबरचरित्र १८५८ ते १८६१ दरम्यान आलं. सर सय्यद अहमद खान त्याने इतके व्यथित झाले की १८६९ साली लंडनला गेल्यावर तिथल्या ग्रंथालयांत बसून त्यांनी उत्तर लिहिलं. १८७० मध्ये ते छापलं, तेही आधी इंग्रजीत! युद्धं, विवाह, गुलामी हे प्रश्न साहेबाचे. मग पुस्तकाचा आराखडा कुणी ठरवला?

पहिला प्रतिसाद: सर सय्यदांपुरतं कबूल. उर्दू विद्वान शिबली नोमानींवर मात्र हा अन्याय आहे. त्यांच्या 'सीरतुन्नबी' या पैगंबरचरित्राची प्रस्तावना वाचा. त्यांनी आपल्याच परंपरेची झडती घेतली आहे: हदीसकारांनी (पैगंबरांची वचनं नि कृती नोंदवणाऱ्यांनी) रावी, म्हणजे कथनं पुढे सांगणारे, जसे पारखून घेतले, तसे सीरतकारांनी घेतले नाहीत. वाकिदी या जुन्या सीरतकाराला तर ते भरवशाचा मानतच नाहीत.

धागालेखक: वाकिदीच का? म्यूरची मदार वाकिदी आणि त्याचा लेखनिक इब्न साद यांच्यावर होती. साक्षीदारच बाद केला की खटला सोपा होतो.

पहिला प्रतिसाद: वाकिदीला इमाम शाफई आणि अहमद बिन हंबल या जुन्या धर्मशास्त्रज्ञांनी हजार वर्षांआधीच नाकारलं होतं. तेव्हा कुठला म्यूर?

दुसरा प्रतिसाद: 'सीरतुन्नबी'च्या पुढच्या खंडांकडे कुणी बघतच नाही, याचं मला वाईट वाटतं. शिबली १९१४ साली गेले. शिष्य सुलेमान नदवी तेव्हा आपल्या पुण्यात, डेक्कन कॉलेजात फारसी शिकवत होते. नोकरी सोडून ते आझमगढला गेले आणि गुरूचं काम हाती घेतलं. पहिला खंड १९१८ मध्ये निघाला. या कामाला पैसा होता भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांचा. पुढे पाचवा खंड इबादतीवर, म्हणजे उपासनेवर, सहावा अखलाकवर, म्हणजे नीतीवर. यातलं म्यूरने काय विचारलं होतं?

धागालेखक: पाचव्या-सहाव्याबद्दल तुमचं बरोबर, तिथे माझं विधान मागे घेतो. पण पहिल्या खंडातलं बद्रच्या लढाईचं प्रकरण? जुने सीरतकार सांगतात, पैगंबर मदीनेहून निघाले ते व्यापारी काफिला अडवायला. शिबली म्हणतात, मक्केच्या कुरैश टोळीच्या सैन्याला तोंड द्यायला. इथे मला म्यूर दिसतोच.

पहिला प्रतिसाद: मला तिथे कुराण दिसतं. शिबलींचा आधार कुराणातल्या सूरह अन्फाल या अध्यायाचा आहे, आणि सीरतकारांच्या आधी कुराण हा त्यांचा नियम पुस्तकभर आहे.