कुमार कादंबरीच्या परीक्षणात 'आत काय आहे' हे किती सांगायचं?

निळीशाई

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण एकदा सगळं सांगूनच टाकते.

मी नाशिकची, वय ४१, बँकेत नोकरी. गेली तीन वर्षं मी नेमाने तेरा ते अठराच्या मुलामुलींसाठीच्या नव्या कादंबऱ्या वाचतेय, इंग्रजीत ज्याला यंग अ‍ॅडल्ट किंवा नुसतं वायए म्हणतात त्या, आणि मराठीत कुमार कादंबरी म्हणून जे थोडंफार निघतं ते तर सोडतच नाही. सुरुवात भाचीमुळे झाली. ती आठवीत गेली आणि घरातली निम्मी पुस्तकं तिला लहान मुलांची वाटायला लागली, उरलेली तिच्या आईला फार मोठ्यांची वाटायची, मधलं काही सापडेना म्हणून मी शोधायला लागले आणि शोधता शोधता मलाच गोडी लागली. वाचलं की इन्स्टावर मराठीत लिहिते. वाचणाऱ्यांत आया जास्त, काही शिक्षक, आणि मुलं अगदी थोडी.

मागच्या महिन्यात एका छोट्या प्रकाशनाने नवीन मराठी कादंबरी परीक्षणासाठी पाठवली (नाव मुद्दाम देत नाही). अकरावीतली मुलगी, तालुक्याच्या गावातून शहरातल्या होस्टेलवर आलेली. तिची रूममेट जीव द्यायचा प्रयत्न करते आणि मग उरलेलं पुस्तक म्हणजे ह्या दोघींनी ते वर्ष कसं काढलं. पहिली शंभर पानं मी एका बैठकीत वाचली. मेसमधली भांडणं, घरी फोनवर "सगळं मस्त चाललंय" म्हणणं, रात्री दोन वाजता शेजारच्या खोलीतला खोकला ऐकत जागं राहणं, इतकं खरं मी मराठीत ह्या वयाबद्दल बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. पण शेवटाकडे एक मॅडम येतात, चार पानं भाषण देतात आणि सगळं गोड होतं. ते खटकलं आणि मी तसं लिहिलं. पाचपैकी तीन स्टार दिले. आणि सवयीप्रमाणे सगळ्यात वर सूचना टाकली, "आत्महत्येच्या प्रयत्नाचा उल्लेख, पालकांनी नोंद घ्यावी."

मग दोन गोष्टी झाल्या. लेखिकेचा मेसेज आला, अगदी नम्र पण दुखावलेला, की तीन स्टार म्हणजे लोक पुस्तक हातातच घेत नाहीत. ते एक वेळ ठीक. दुसरं जास्त लागलं. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी लेकीला हेच पुस्तक घेऊन दिलं होतं, मुलगी दहावीत, निम्मं वाचून झालेलं. ताईंनी माझी सूचना वाचली आणि पुस्तक काढून घेतलं. वर मला येऊन म्हणाल्या, बरं झालं तू सांगितलंस. मुलगी मागे उभी होती. काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून मी एक ओळ लिहिलेली नाही. म्हणून विचारते, अशी सूचना लिहायची की नाही? लिहायची तर कशी? आणि मुळात हे परीक्षण आपण कोणासाठी लिहितो, आईसाठी की त्या मुलीसाठी?

जुनापत्ता

ताई, लिहायचं थांबवू नका हे आधी सांगतो. मी सातारा जिल्ह्यात शाळेत ग्रंथपाल आहे, २२ वर्षं झाली. नवीन कुमार कादंबरी आली की तिच्याबद्दल चार ओळी कुठे वाचायला मिळत नाहीत हो. पेपरात आलं तर मलपृष्ठावरचा मजकूरच फिरवून छापलेला असतो. आम्ही शाळेची पुस्तकं निवडायची कशी मग?

मुळात मधल्या वयाचं कपाटच आपल्याकडे नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, फार चांगली गोष्ट, पण तो ९ ते १६ वयाच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना मिळून एकच. आता चौथीतलं पोरगं आणि अकरावीची मुलगी एका रांगेत कशी बसवायची? माझ्याकडे तर बालविभागात नववीतली पोरं पायच ठेवत नाहीत, मित्र बघतील म्हणून. मी त्यांच्यासाठी काउंटरच्या बाजूला एक वेगळी मांडणी केलीय, वर कसलीही पाटी लावलेली नाही, आणि तिथली पुस्तकं सगळ्यात जास्त बाहेर असतात.

परीक्षणाबद्दल माझी एक पद्धत सांगतो, पटली तर घ्या. नवीन पुस्तक आलं की मी आधी स्वतः वाचतो आणि मग तीन मुलांना देतो, त्यातला एक तरी वाचनाचा कंटाळा असलेला. परत आणलं की "आवडलं का" हा प्रश्न मी विचारतच नाही, कारण सरांसमोर नाही कोण म्हणणार. मी विचारतो, कुठल्या पानावर थांबलास? कुठे पानं उलटून पुढे गेलास? आणि रात्री कुठपर्यंत जागलास? ही उत्तरं पोरं खरी देतात. तुमच्या त्या मॅडमचं चार पानी भाषण आहे ना, तसली पानं पोरं वाचतच नाहीत, सरळ उलटतात. म्हणजे तुम्हाला जे खटकलं ते त्यांना खटकतसुद्धा नाही, ते त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. भाषण वाया गेलं हे लेखिकेला कळायलाच हवं, तेव्हा ते लिहिलंत ते योग्यच केलंत.

सूचनेचं मात्र अवघड आहे. पालक येऊन विचारतात तेव्हा मी काही लपवत नाही, पण पुस्तक उघडून ते पान त्यांच्यासमोर ठेवतो आणि वाचा म्हणतो. दोन ओळींच्या सूचनेने माणूस घाबरतो, दोन पानं वाचली की बहुतेकदा शांत होतो.

पैलतीर

न्यू जर्सीतून लिहितेय. माझी मुलगी इथे नववीत आहे आणि मी इथल्या पब्लिक लायब्ररीत आठवड्यातून दोनदा व्हॉलंटियर करते, त्यामुळे वायएचं कपाट रोज नसलं तरी वरचेवर बघते.

निळीशाई, आधी स्टारचं बोलू. गुडरीड्सवर स्टारवर कर्सर नेलास तर अर्थ दिसतो, दोन म्हणजे 'ठीक होतं', तीन म्हणजे 'आवडलं'. म्हणजे तू त्या बाईंना 'आवडलं' असंच म्हटलंयस. पण दुकानांच्या साइटवर तीन म्हणजे वस्तूत काहीतरी बिघाड, अशी सगळ्यांच्या डोळ्यांना सवय झालीय. मी स्टार देणं सोडून दिलं, नुसतं लिहिते. आणि पुस्तक फुकट आलेलं असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगते. भारतातही अ‍ॅस्कीने, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी नियम आणलेत, फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल लिहिताना तसं स्पष्ट सांगायचं. पुस्तकं पाठवणाऱ्यांचा आपल्यावर भार नको असेल तर हे फार उपयोगी पडतं.

कोणासाठी लिहायचं हा तुझा प्रश्न इकडेही आहेच. २०१२ मध्ये बाउकर नावाच्या कंपनीने पाहणी केली होती, १२ ते १७ वयासाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक १८ च्या वरचे निघाले, आणि त्यातल्या बहुतेकांनी सांगितलं की स्वतःलाच वाचायला घेतो. मोठ्यांनी वाचावीतच, मी पण वाचते. पण मग परीक्षणंही मोठ्यांच्याच आवडीची होतात, नायिका उतावळी आहे, मूर्खासारखे निर्णय घेते वगैरे. अगं पंधराव्या वर्षी उतावळीच असते ना मुलगी! इथल्या लायब्ररी असोसिएशनचा वायए विभाग २००० सालापासून प्रिंट्झ पुरस्कार देतो, तो मोठ्यांची समिती ठरवते, पण त्यांचीच टीन्स टॉप टेन नावाची यादी आहे, तिच्यात पुस्तकं सुचवणारी आणि मतं देणारी फक्त मुलं. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघ एकदा, आपण कुठे चुकतो ते लगेच कळतं.

सूचना लिहावीच असं माझं मत, कारण काही मुलांच्या घरात खरंच असं घडलेलं असतं आणि त्यांना तयारीने वाचता यायला हवं. पण ती त्या मुलांसाठी लिहायची, 'पालकांनी नोंद घ्यावी' नको. परीक्षणाच्या शेवटी टाक. आणि विषय आहे एवढंच नको, तो हाताळलाय कसा ते सांग. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रकारांसाठीच्या सूचना ह्याच विषयावर आहेत, पद्धतीचं वर्णन नको, उदात्त करून दाखवणं नको, मदत कुठे मिळेल ते द्या. पुस्तकालाही हीच कसोटी लाव की. तुझ्या त्या कादंबरीत कसं केलंय हे?

कडीपत्ता

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. हे कुमार, वायए वगैरे वेगळं कपाट करायचंच कशाला? मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ ची, नववीतल्या मुलाची गोष्ट, आणीबाणीचा काळ, ती कोणी कुमार कादंबरी म्हणून काढलेली नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या, 'वनवास'पासून 'झुंबर'पर्यंत चार पुस्तकं, आख्खं जग त्या मुलाच्या डोळ्यांतून दिसतं, आणि ती मोठ्यांनीच डोक्यावर घेतली. चांगलं पुस्तक ते चांगलं पुस्तक. वयाचा शिक्का मारला की प्रकाशक जपून छापतो, लेखक जपून लिहितो आणि मग त्या भाषण देणाऱ्या मॅडम येतात. माझं तर म्हणणं त्या मॅडम शिक्क्यामुळेच आल्या.

जुनापत्ता

कडीपत्ता, दोन्ही पुस्तकं माझ्या जीवाजवळची. पण मुलांबद्दलचं पुस्तक आणि मुलांसाठीचं पुस्तक ह्यात फरक आहे. लंपन मी सातवीतल्यांना देऊन बघितलाय, आणि मला ती भाषा गोड लागते कारण माझं तसलं लहानपण मागे पडलंय. त्यांचं अजून चालू आहे! त्यांना मागे वळून बघणारं नको असतं, उद्या वर्गात काय होणार ते हवं असतं. काही मुलं लंपनमध्ये रमतात, नाही असं नाही, पण ती मुळातच वाचणारी. बाकीच्यांसाठी कोणीतरी आजच्या दहावीबद्दल, आजच्या मोबाइलबद्दल, आजच्या क्लासच्या बसबद्दल लिहायला नको का? शिक्क्यामुळे लेखक जपून लिहितात हे मात्र मान्य, शंभर टक्के.

अजूनजागी

मी इथे नुसती वाचत असते, लिहीत नाही, पण हा धागा बघून राहवलं नाही. मी १९ वर्षांची आहे, संभाजीनगरला इंजिनिअरिंग करतेय, होस्टेलवरच राहते. म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांच्यातली इथे बहुतेक मी एकटीच.

निळीशाई ताई, एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का माहीत नाही. त्या मुलीने निम्मं पुस्तक वाचलं होतं म्हणालात. रूममेटचा प्रयत्न निम्म्याच्या आधी येतो ना? म्हणजे ती मुलगी नेमकी सगळ्यात वाईट जागेवर थांबलीय. प्रयत्न झाला इथपर्यंत तिने वाचलं आणि पुढे त्या दोघी त्यातून कशा बाहेर आल्या ते वाचायच्या आधी पुस्तक गेलं. आईला वाटतंय आपण तिला वाचवलं. पण जे वाचायला नको होतं ते तिचं वाचून झालंय आणि जे वाचायला हवं होतं तेच राहिलंय.

मी दहावीत असताना आमच्या ओळखीतल्या एका मुलीने असं केलं होतं. ती वाचली, आता छान आहे. पण तेव्हा शाळेत, घरी कोणी आमच्याशी एक शब्द बोललं नाही, सगळे म्हणायचे अभ्यासाला बसा. मला तेव्हा एक इंग्लिश कादंबरी लायब्ररीत मिळाली, त्यात साधारण असंच होतं, आणि मी ती तीनदा वाचली कारण त्यातली मुलगी पुढच्या सोमवारी उठून शाळेत गेली. मला तेवढंच बघायचं होतं, की नंतरचा सोमवार कसा असतो. त्या पुस्तकाचा रिव्ह्यू आधी घरी कोणी वाचला असता तर मला ते मिळालं नसतं.

आम्ही रिव्ह्यूमध्ये काय बघतो विचाराल तर, पुस्तक आमच्याशी खोटं बोलतंय का एवढंच. मुलगी खरीच अशी बोलते का, आई खरीच अशी ओरडते का, व्हॉट्सअ‍ॅपवर लोक खरंच असं लिहितात का. बोध बिध काय आहे ते नका सांगू प्लीज. आणि शेवटी हेल्पलाइनचा नंबर टाकत जा, टेलिमानसचा १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, आमच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डवरसुद्धा आहे.

पैलतीर

अजूनजागी, लिहिलंस ते फार बरं केलंस गं. 'नंतरचा सोमवार' हे मी माझ्या वहीत उतरवून घेतलंय.

कडीपत्ता

मी माझा वरचा मुद्दा अर्धा मागे घेतो. शिक्क्याबद्दलची भीती आहेच, पण ह्या वयाला स्वतःचं पुस्तक लागतं हे पटलं.

निळीशाई

सगळ्यांचं दोनदा वाचलं. अजूनजागी, तुझं वाचून उठले आणि पुस्तक काढून बघितलं. प्रयत्न पान ७२ ला आहे, पुस्तक १६८ पानांचं. रूममेट दवाखान्यातून परत येते ते पान ९५. ती मुलगी ह्यांच्या मधे कुठेतरी अडकलीय आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त विषय बघितला, जागा बघितलीच नाही.

पैलतीर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, लेखिकेने पद्धतीचं एक अक्षर वर्णन केलेलं नाही. दार बंद, वॉर्डनची धावपळ, आणि थेट दुसरा दिवस. हे केवढं जबाबदारीने लिहिलंय ते माझ्या परीक्षणात यायला हवं होतं आणि मी मात्र भाषणावर दोन परिच्छेद खर्च केले. भाषणाबद्दलचं मत बदललेलं नाही, ते राहील. स्टार काढून टाकतेय.

वरची सूचना काढली आणि शेवटी हे लिहिलंय, बघा बरं जमलंय का:

"पुस्तक मला प्रकाशकांकडून भेट आलं आहे. ह्यात एक मुलगी जीव द्यायचा प्रयत्न करते. ते घडताना दाखवलेलं नाही, आणि ती वाचते. पान ७२ ते ९५ हा भाग जड आहे, तुझ्या जवळच्या कोणाबाबत असं झालं असेल तर तो एकटीने रात्री वाचू नकोस, दिवसा वाच, पण तिथे थांबू नकोस, ९५ च्या पुढे जा. पुस्तकाचा खरा भाग तिथून सुरू होतो. कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस १४४१६."

आयांसाठी वेगळं काही लिहिलेलं नाही. जुनापत्ता काका, तुमची पान उघडून समोर ठेवायची पद्धत मी सोसायटीतल्या ताईंच्या बाबतीत करून बघणार आहे. उद्या रविवार, त्या घरी असतील. माझी प्रत घेऊन जाते आणि ९५ वं पान आधी त्यांनाच वाचायला देते.

जुनापत्ता

जा ताई. आणि जमलं तर १०० पर्यंत बसा त्यांच्याजवळ.