तो जांभळा रंग उन्हाने चढवलाय
अमेरिकेतल्या सिएटल शहरात, पायोनियर स्क्वेअर भागात, खालच्या तळघरांत उजेड जावा म्हणून फुटपाथमध्ये काचा बसवलेल्या आहेत. त्या शोभेसाठी जांभळ्या केल्या असाव्यात, असं काहींना वाटतं. तसं नाही. वाळूतल्या लोहामुळे काचेला हिरवट झाक येते. ती घालवायला त्या काळी काचेच्या रसात मँगनीज मिसळत. वर्षानुवर्षं उन्हातले अतिनील किरण झेलून त्याच मँगनीजमुळे काच जांभळी झाली.

मला खरं कौतुक वाटतं ते काचेच्या खालच्या बाजूचं. सपाट काचेतून उजेड सरळ खाली उतरतो, जेमतेम काचेखालच्या जागेपुरता. म्हणून पुष्कळ काचांना खालून लोलकाचा लोंबता भाग असतो. तो उजेड वळवून तळघरात पार आतवर फेकतो, तेही वरून माणसं चालत असताना! थॅडियस हायट यांनी १८४५ मध्ये अमेरिकेत लोखंडी चौकटीत काचा बसवायचं पेटंट घेतलं, तेव्हा तळघरात उजेड हवा तर तेलाचा किंवा गॅसचा दिवा, म्हणजे धूर आणि आगीची धास्ती.

दुरुस्तीच्या नावाखाली या काचांवर काँक्रीट ओततात, ते बघवत नाही. फुटलेली काच बदलता येते, गंजलेली चौकटही पुन्हा ओतून घेता येते.