पायथॉनच्या स्लाइसमधून शेवटचा आकडा का वगळायचा?

अर्धविराम
पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत यादीतून तुकडा कापणं म्हणजे स्लाइस, आणि स्थानं शून्यापासून मोजतात. यादी = [१०, २०, ३०, ४०, ५०]. यादी[१:४] लिहिलं की हातात येतं [२०, ३०, ४०]. चौथ्या स्थानावरचं ५० गायब. आपल्याकडे 'सोमवार ते गुरुवार' म्हटलं की गुरुवार धरलेलाच असतो. फोर्ट्रान, मॅटलॅब, आर, ज्युलिया या सगळ्या भाषा दोन्ही टोकं धरतात आणि तिथे कुणाचं काही अडलेलं नाही. पायथॉनने इथे उगाच वाकडी वाट धरली, असं माझं स्पष्ट मत.

(चालवून बघणाऱ्यांसाठी: 'यादी' हे नाव पायथॉन ३ मध्ये असंच चालतं, आकडे मात्र इंग्रजी टाका. देवनागरी अंकांना सिंटॅक्स एरर येते.)

शून्यमहाराज
पान ४ ते ९ म्हणजे किती पानं? सहा, पण बरेच जण पटकन पाच म्हणतील. पुरेशा लांब यादीत [४:९] म्हणजे मात्र ९ वजा ४, पाचच. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी ऑगस्ट १९८२ च्या टिपणात हेच मांडलंय: खालचं टोक धरा, वरचं सोडा. लांबी नुसत्या वजाबाकीने मिळते आणि एका तुकड्याचा शेवट तीच पुढच्याची सुरुवात. म्हणून यादी[:न] + यादी[न:] ही कायम पूर्ण यादी (टोक रिकामं सोडलं की सुरुवातीपासून किंवा शेवटपर्यंत). न शून्य असो, ऋण असो की लांबीपेक्षा मोठा.

आकडे खणांना लावू नका, खणांमधल्या रेघांना लावा. पाच खण, सहा रेघा, ० ते ५. यादी[१:४] म्हणजे रेघ १ पासून रेघ ४ पर्यंत. यादी[२:२] रिकामी, आणि यादी[२:२] = [२५] केलं की २० आणि ३० च्या मध्ये २५ जाऊन बसतं. दोन्ही टोकं धरली तर हीच रिकामी जागा [२:१] अशी लिहावी लागेल. ते सरळ वाटतं का?

अर्धविराम
रेघांचं चित्र पटलं, पण उलट चालताना ते फाटतं. पहिले तीन घटक उलटे हवेत. तिसरा आकडा म्हणजे पायरी, -१ असेल तर उलट चालायचं. यादी[२:०:-१] दिलं तर [३०, २०], दहा सुटला. बरं, शून्याच्या अलीकडे -१ म्हणून यादी[२:-१:-१] दिलं, तर रिकामी यादी! कारण -१ म्हणजे शेवटचा घटक. चालतं ते यादी[२::-१]. 'वरचं टोक सोडा' हा तुमचा नियम इथे कुठे गेला?

शून्यमहाराज
ऋण पायरीचं मान्य. तिथे सुरुवात धरतात, शेवट सोडतात, आणि रेघांचा हिशेब लागत नाही. म्हणून आधी कापा, मग उलटा: यादी[:३][::-१]. एक प्रत जास्त होते, पण वाचणाऱ्याचं डोकं वाचतं.

डेटावाली
टोकावरून भांडताय, खरा सापळा वेगळाच आहे. 'शेवटचे न' म्हणून यादी[-न:] लिहितात. न शून्य झाला की -० म्हणजे ०, आणि रिकामी यादी मिळण्याऐवजी अख्खी यादी हातात. त्यावर उपाय म्हणून 'लांबी वजा न' पासून कापलं तर पाचाच्या यादीत न ७ असताना -२ होतं आणि शेवटचे दोनच मिळतात. न शून्य आहे का, हे आधी तपासा, मग सरळ -न वापरा.

दुसरं, यादी[१०] वर इंडेक्सएरर (असं स्थानच नाही, ही चूक) येतो, पण यादी[१०:२०] गुपचूप रिकामी यादी देतं. ओळीत १२ रकान्यांऐवजी ९ च आले तरी कुणी ओरडत नाही. चूक कळते ती तीन फंक्शनं पुढे.

अर्धविराम, तुमच्या बाजूचा एक मुद्दाही घ्या. पांडाज या तक्त्यांच्या पायथॉन लायब्ररीत स्थानाने कापणारा आयलॉक शेवट सोडतो, पण लेबलाने कापणारा लॉक धरतो. 'मार्च' ते 'जून' अशी लेबलं असतील तर 'जूनच्या पुढचं' लेबल माणूस कुठून शोधणार?

शून्यमहाराज
गुपचूप कापणं मुद्दाम ठेवलंय. २५० नोंदी शंभर-शंभरने पाठवायच्या तर तिसरा तुकडा [२००:३००], त्यात ५० येतात, वेगळी अट लागत नाही. रकान्यांची संख्या तपासणं स्लाइसचं काम नव्हे.

वेलांटी
मराठी मजकूर कापणाऱ्यांनी रेघ नेमकी कुठे असते ते बघावं. 'शिक्षण' डोळ्यांना तीन अक्षरं, पायथॉनला सहा: श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण. [:१] घेतलं तर नुसता 'श', वेलांटी मागेच राहते. [:४] आणि [४:] केलं की 'शिक्' आणि 'षण'. जोडले की शब्द पूर्ण होतो, शून्यमहाराजांचा नियम मोडत नाही. पण मधेच ओळ तोडून छापलंत तर 'क्ष' गेला. आणि 'मराठी'[::-१] करून बघा, दीर्घ वेलांटी सगळ्यात पुढे एकटीच लटकते.

अर्धविराम
म्हणजे टोक धरा की सोडा, 'क्ष' तुटणारच. यावर मात्र डाइक्स्ट्रांचं टिपण कामाचं नाही.