मदत हवी आहे : मॅनेज्ड स्विच बसवल्यापासून एईएस६७ माइकचा आवाज सव्वाचार मिनिटांनी बंद पडतो

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या सामुदायिक रेडिओ केंद्राची तांत्रिक बाजू मी सांभाळतो. मूळचा विजेच्या कामातला असल्यामुळे नेटवर्कचे जे काही येते ते केंद्रातच धडपडत शिकलो आहे; प्रश्न प्राथमिक वाटल्यास सांभाळून घ्यावे.

प्रक्षेपण स्टुडिओत डान्टेवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधून आवाज पाठवण्याच्या एका कंपनीच्या पद्धतीवर, चालणारा डिजिटल मिक्सर आहे. गाणी वाजवणारा आणि तीन महिन्यांचे प्रसारण जपून ठेवणारा संगणक डान्टे व्हर्च्युअल साउंडकार्ड या सॉफ्टवेअरने त्याला जोडलेला आहे, तर श्रोत्यांच्या फोनसाठी एक लहानसा डान्टे अ‍ॅडॉप्टर आहे. शेजारच्या निवेदन कक्षातील दोन माइक मात्र दुसऱ्या कंपनीच्या इंटरफेसवर (माइकचा आवाज नेटवर्कवर घालणारी पेटी) आहेत आणि त्याला डान्टे कळत नाही, फक्त एईएस६७, म्हणजे याच कामाचे सर्व कंपन्यांसाठीचे सामाईक मानक, कळते. म्हणून मिक्सरमध्ये एईएस६७ मोड चालू करून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, १ मिलिसेकंदाचे पॅकेट आणि २३९.६९ ने सुरू होणारा मल्टिकास्ट पत्ता (एकच प्रवाह अनेकांना पाठवण्याचा) असे दोन्हीकडे जुळवून घेतले. मिक्सरपासून ट्रान्समीटरकडे साधी अ‍ॅनालॉग केबल जाते, तिचा काही त्रास नाही.

वर्षभर हे सगळे आठ पोर्टच्या एका साध्या स्विचवर बिनबोभाट चालले. अडचण एवढीच होती की माइकचा प्रवाह सगळ्याच पोर्टांवर जात असे आणि कार्यालयाचा वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट त्याच स्विचवर असल्यामुळे तिथले इंटरनेट रखडत असे. म्हणून गेल्या महिन्यात २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच (ज्यात सेटिंग बदलता येतात असा) घेतला आणि त्यात आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे मल्टिकास्ट प्रवाह मागेल त्याच पोर्टाला देण्याची सोय, चालू केले. वायफाय त्या दिवसापासून सुरळीत आहे. माइक नाहीत.

स्विच सुरू होऊन माइकचा आवाज आला की तो चार मिनिटे उत्तम चालतो आणि मग एकदम बंद पडतो. घड्याळ लावून पाच वेळा मोजले, तेव्हा प्रत्येक वेळी ४ मिनिटे १८ सेकंद ते ४ मिनिटे २२ सेकंद भरले. त्यानंतर डान्टे कंट्रोलर या सॉफ्टवेअरमध्ये पाहिले तर मिक्सर आणि फोनचा अ‍ॅडॉप्टर असे दोघेही क्लॉक लीडर (ज्याच्या घड्याळाशी बाकीचे जुळवून घेतात तो; असा एकच हवा) असल्याचे दिसते आणि फोनच्या आवाजात अधूनमधून बारीक टिकटिक येते. तो आवाज बंद मात्र पडत नाही. स्विच बंद करून पुन्हा चालू केला की पुन्हा तेवढीच चार मिनिटे मिळतात.

सध्या बाजारभावांच्या आधी अ‍ॅनालॉग वाटेने एक गाणे लावतो आणि तेवढ्यात स्विच बंद-चालू करून घेतो. वाचन पाच मिनिटांचे असते. परवा कांदा झाला, सोयाबीन झाले आणि तुरीचा ‘कमाल दर’ म्हणता म्हणता आवाज गेला. निवेदिका ताई काचेपलीकडून हातवारे करू लागल्या, कारण त्यांना वाटले की फेडर मीच खाली ओढला. आता त्या चार मिनिटांत आटोपतात, पण हा काही उपाय नव्हे.

केबल बदलून पाहिल्या, पोर्टांवरील वीजबचतीची सोय बंद केली, इंटरफेसचे फर्मवेअर नवे केले. फरक पडला नाही. पुरवठादारांचे म्हणणे असे की दोन्हीकडचे पीटीपी (उपकरणांची घड्याळे जुळवणारी पद्धत) जुळत नाही, त्यामुळे इंटरफेसच बदलावा लागेल. डान्टे पीटीपीची २००२ ची आवृत्ती वापरते आणि एईएस६७ ला २००८ ची लागते, हे खरे. परंतु एईएस६७ मोडमधला मिक्सर दोन्ही सांभाळतो, आणि जुन्या स्विचवर वर्षभर जुळलेले आताच का बिनसावे, हे मला उलगडत नाही. नवा इंटरफेस आम्हाला परवडणारा नाही, म्हणून आधी इथे विचारतो आहे.

प्रतिसाद

इंटरफेस घेऊ नका. आपण सेकंद मोजलेत हे फार बरे केलेत, कारण उत्तर त्यातच आहे. ४ मिनिटे २० सेकंद म्हणजे २६० सेकंद.

स्नूपिंग करणारा स्विच कोणत्या पोर्टाला कोणता मल्टिकास्ट प्रवाह हवा याची नोंद ठेवतो. उपकरण सुरुवातीला आपली मागणी कळवते, पण पुढे ‘अजून हवा आहे ना?’ असे दर १२५ सेकंदांनी कोणीतरी विचारावे लागते; हे विचारणारा तो क्वेरियर. दोन फेऱ्यांत उत्तर आले नाही तर आणखी १० सेकंद थांबून नोंद पुसली जाते : १२५ × २ + १० = २६०. आपल्याकडे विचारणारेच कोणी नाही. जुना स्विच सगळ्यांना सगळेच वाटत होता, म्हणून तेव्हा ही गरज भासली नाही.

दोन लीडरही त्यामुळेच दिसतात. पीटीपीचे संदेश २२४.०.१.१२९ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात. त्याचीही नोंद पुसली गेली की अ‍ॅडॉप्टरला मिक्सर ऐकू येत नाही आणि तो स्वतःच लीडर होतो. डान्टेचा आवाज मात्र एरवी युनिकास्टने, म्हणजे थेट एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे, जातो, म्हणून फोन बंद न पडता नुसता टिकटिकतो.

स्नूपिंग तसेच ठेवून क्वेरियर चालू करा, आवृत्ती २ ठेवा, आणि त्या व्हीलॅनमध्ये (स्विचमधला नेटवर्कचा वेगळा भाग) स्विचला आयपी पत्ता आहे ना ते पाहा. पत्ता नसेल तर बऱ्याच स्विचमध्ये क्वेरियर गप्प बसून राहतो. जमल्यास क्यूओएसही (कोणते पॅकेट आधी सोडायचे याचा क्रम) तपासा, कारण पॅकेटवरची डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण डान्टे आवाजाला लावते आणि एईएस६७ घड्याळाला. ५६ (डान्टेचे घड्याळ) सर्वांत वर, त्याखाली ४६, मग ३४ (एईएस६७ चा आवाज) असा क्रम आपल्या आकाराच्या जाळ्याला पुरेल.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. क्वेरियरच्या रकान्यात खूण आधीपासूनच होती, पण व्हीलॅनला पत्ता नसल्यामुळे स्थिती ‘निष्क्रिय’ अशी होती. पत्ता दिल्यावर सकाळी अकरापासून तीनपर्यंत माइक अखंड चालला आणि लीडर एकटा मिक्सरच राहिला. बाजारभावही पूर्ण पाच मिनिटे झाले. चौथ्या मिनिटाला ताईंनी सवयीने काचेतून माझ्याकडे पाहिले, तेवढेच.

ताजा कलम : रात्री वीज गेली आणि आज सकाळी पुन्हा ४ मिनिटे २० सेकंद! स्विचमधील बदल कायमचा जतन करायचे बटण वेगळे आहे आणि मी ते दाबलेच नव्हते. आता दाबले आहे, आणि स्विचची वायर यूपीएसवर घेतली आहे.