बाळाचा पासपोर्ट (तातडीचं)

प्रेषक: नवा बाबा, लीड्स (सध्या मुक्काम शाहूपुरी)

मंडळी,
मुलगा झाला. आज नववा दिवस, बारसं शनिवारी. पेढे येताना आणतोच. आता कामाचं.
ही भारतीय, तिकडे आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी). मी २०१९ पासून ब्रिटिश, ते सगळ्यांना ठाऊक आहे (त्या दिवशीच्या माझ्या टायवर आप्पा काय बोलले तेही). बाळ जन्मलं इथे. सासऱ्यांचं म्हणणं, भारतीय पासपोर्ट काढा, पोस्टातलं पासपोर्ट केंद्र कोल्हापुरातच आहे, पुण्याला हेलपाटा नको. त्यावर यूकेचा व्हिसा घ्यायचा आणि बाकीचं तिकडे जाऊन ठरवायचं. तिकिटं दहा आठवड्यांनंतरची आहेत. हे जमेल का? नुसतं हो की नाही सांगा.

प्रेषक: आप्पा

आधी अभिनंदन. बाळ-बाळंतीण सुखरूप ना?
नुसतं हो-नाही होत नसतं. तुझं बाळ पहिला ट्याँहा केला त्या क्षणीच ब्रिटिश झालंय, तू फॉर्म भर की नको भरू. १९८१ चा ब्रिटिश नागरिकत्व कायदा. बाप नॅचरलाइझ होऊन, म्हणजे अर्ज करून, ब्रिटिश झालेला असला तर परदेशात झालेलं मूल आपोआप ब्रिटिश. आणि ब्रिटिश नागरिकाला ब्रिटनचा व्हिसा देत नाहीत, कारण त्याला तो लागतच नाही. म्हणजे सासऱ्यांच्या योजनेचं चाक तिथेच रुततं. पोरगं भारतीय पासपोर्ट घेऊन व्हिसाला जाईल आणि तिथला माणूस विचारेल, बाप कोण?
आता दुसरी बाजू. ते भारतीयही आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्म, आईबापांपैकी एक भारतीय, दुसरा बेकायदा घुसलेला नाही. तू ओसीआयवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड) आलायस, घुसलेला नाहीस. तेव्हा नागरिकत्व निवडायला तुला कुणी सांगितलेलंच नाही. पासपोर्ट कुठला काढायचा तेवढं निवड. हे मी या मेलिंग लिस्टवर २०११ पासून लिहितोय.

प्रेषक: भाऊ, ब्रॅडफर्ड

अरे भावा, लई विचार करू नको. दोन्ही काढ. जाताना हा दाखव, येताना तो दाखव. मुलाला अठरा वर्षं अधिक सहा महिने मुभा असते, मग एक सोडायचं. कोण बघतंय?

प्रेषक: आप्पा

भाऊ, ज्याला माहीत नाही त्याने निदान दुसऱ्याच्या पोराला तरी अडकवू नये. अठरा अधिक सहा महिने हे कलम परदेशात जन्मलेल्या मुलांचं. त्यांची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची आणि त्यात लिहून द्यायचं की याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. हे बाळ कोल्हापुरात जन्मलंय, त्याला ते कलम लागतच नाही. आणि दोन पासपोर्ट कुणालाच चालत नाहीत, परदेशात जन्मलेल्यालाही नाही. परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीय बाजू संपली असं धरतात.

प्रेषक: भाऊ, ब्रॅडफर्ड

बरं बरं. गणपतीच्या हॉलचं डिपॉझिट परत आलं का, तेही एकदा सांगा, नियम एवढे तोंडपाठ आहेत तर.

प्रेषक: माई (जुन्या बालवर्गाच्या), मुक्काम राजारामपुरी

डिपॉझिट आलंय, खजिनदारांनी मार्चमध्येच लिहिलं होतं. मेल वाचत जा.
बाळाबद्दल. आमची थोरली १९९० ची, जन्म लीड्सचा. हे ब्रिटिश, मी भारतीय. मी वकिलातीत गेले, माझा पासपोर्ट दाखवला, म्हटलं मुलगी माझीही आहे. तर उत्तर मिळालं, वडील भारतीय पाहिजेत. तेव्हा परदेशात झालेल्या मुलाला बापाकडूनच नागरिकत्व मिळायचं, आईचं मोजतच नव्हते. १० डिसेंबर १९९२ पासून आईचंही धरायला लागले. धाकटा १९९३ चा, त्याला मिळालं असतं, पण तोवर मीच नाद सोडला होता. म्हणून सांगते, सुनबाईला विचारलंस का तिला काय वाटतं? मेलमध्ये सासरे दिसले, तू दिसलास, आप्पा तर दिसलेच.

प्रेषक: नवा बाबा

माई, विचारलं. ती म्हणते, जे लवकर होईल ते करा आणि मला झोपू द्या.
सासऱ्यांची खरी अडचण वेगळीच निघाली. कागलजवळ त्यांची दोन एकर उसाची जमीन आहे. ती नातवाच्या नावाने बक्षीसपत्र करायचा बेत आहे. पोरगं परदेशी झालं तर सातबाऱ्यावर नाव लागणार नाही म्हणून हा सगळा खटाटोप. काल जेवताना म्हणाले, “ऊस आमचा आणि पोरगं राणीचं!” राणी गेली, आता राजा आहे, हे सांगायचा धीर झाला नाही.

प्रेषक: अण्णा (बँकवाले)

हा माझा विषय, म्हणून बोलतो. परदेशात राहणाऱ्याला, मग तो भारतीय पासपोर्टवाला असो की ओसीआय कार्डवाला, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसही घेता येत नाही. फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, नियम. वारसाने मात्र येते, ओसीआयलाही येते. म्हणजे पोराने भारतीय पासपोर्ट घेतला आणि लीड्सला वाढलं, तरी सासऱ्यांचं बक्षीसपत्र तिथेच अडकणार. पासपोर्टाने सातबाऱ्यात काही फरक पडत नाही. त्यांना म्हणावं, घाई नको, शंभर वर्षं जगा, मग वारसाने येईल. मामेभावंडांशी भांडण झालंच तर आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंचही आलंय, मुंबईच्या खेपा वाचतील.
फ्लॅटचं तसं नाही, फ्लॅट चालतो.

प्रेषक: भाऊ, ब्रॅडफर्ड

अण्णा, फ्लॅट चालतो म्हणजे माझा रंकाळ्याजवळचा ओसीआय मुलीच्या नावावर करता येईल?

प्रेषक: अण्णा (बँकवाले)

येईल. वेगळी मेल टाक.

प्रेषक: धाकटी वहिनी, हॅलिफॅक्स

ओसीआय म्हणजे सगळं मिळतं असं समजू नका. मतदान नाही. आणि मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ज्यांना ओसीआय कार्ड मिळालं ती मुलं मेडिकल, इंजिनिअरिंगला एनआरआय जागांवरच. माझ्या भाचीला डॉक्टर व्हायला भारतात यायचं होतं, फीचा आकडा ऐकून भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत.
दुसरं, कुणीच लिहिलं नाही ते. हे बाळ ‘बाय डिसेंट’, म्हणजे जन्माच्या जागेमुळे नाही तर बापामुळे, ब्रिटिश. पुढे त्याला ब्रिटनबाहेर मूल झालं तर ते आपोआप ब्रिटिश होणार नाही. लीड्सला बाळंतपण झालं असतं तर ही भानगडच नव्हती.

प्रेषक: माई

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, बाई. आठव्या महिन्यात पोरीला विमानात बसवून नेलं त्यालाच मी आधी ओरडले होते. पण आईच्या हातचं खाऊन तोंडावर तेज आलंय, कालच बघून आले. नातवाच्या पोरांचं नंतर बघू.

प्रेषक: लिस्ट-सांभाळ

मंडळी, व्हिसाचे प्रश्न व्हिसाच्या धाग्यात टाकायचे असं जानेवारीत ठरलं होतं. हे एवढं चालू द्या.

प्रेषक: नवा बाबा

ठरलं. ब्रिटिश पासपोर्ट, आणि तिकडे गेल्यावर ओसीआय. सासऱ्यांना अण्णांची मेल वाचून दाखवली, दोनदा वाचायला लावली, मग म्हणाले, “मग काय, करा काय करायचं ते.”
पण आता नवीनच अडलंय. हॉस्पिटलने महापालिकेला जो फॉर्म पाठवायचा त्यात आईचं नाव सासरचं लिहिलंय. तिचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. कुणी विचारलंच नाही, फाइलवर ‘सौ.’ लावून मोकळे. हे असंच चालेल का?

प्रेषक: आप्पा

अजिबात चालणार नाही. उद्या सकाळी जा. नोंद व्हायची मुदत २१ दिवस असते, म्हणजे तुझ्या हातात अजून दिवस आहेत. फॉर्म हॉस्पिटलातच दुरुस्त झाला तर एका सहीचं काम. दाखला छापून आला की मग प्रतिज्ञापत्र आणि खेटे. आईचं नाव तिच्या पासपोर्टात आहे तसं, तुझं नाव तुझ्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर आहे तसं, अक्षर न् अक्षर. इंग्रजी स्पेलिंग तूच कागदावर लिहून दे, त्यांच्यावर सोडू नकोस. बाळाचं नाव नक्की नसेल तर नावाशिवाय नोंद होते, नाव मागाहून घालता येतं. पण तुला पासपोर्ट काढायचाय, तेव्हा शनिवारपर्यंत आत्याबाईंना काय ते ठरवायला सांग.
आणखी एक. ब्रिटिश पासपोर्टवर बाळाला भारताबाहेर न्यायचं तर एक्झिट परमिट लागतं, कारण त्याच्या पासपोर्टात व्हिसा नसणार. ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची साइट) ऑनलाइन अर्ज. पासपोर्ट हातात आला की त्याच दिवशी भर. मुंबई विमानतळावर जाऊन विचारू नकोस. दहा आठवडे म्हणतोयस, तिकिटं बदलता येणारी आहेत ना?

प्रेषक: नवा बाबा

नाहीत.
ब्रिटिश पासपोर्टच्या अर्जाला बाळाच्या फोटोवर ओळख देणारं कुणी लागतं ना? दोन वर्षं ओळखणारं, नात्यातलं नसलेलं. इथे आहे का कुणी?

प्रेषक: माई

मी आहे की. निवृत्त शिक्षिका, ब्रिटिश पासपोर्ट, आणि तुला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ओळखते. दुपारी चारनंतर ये, चहा टाकते. आप्पांच्या त्या सूचनांचा प्रिंट घेऊन ये, माझा चष्मा मेलवर चालत नाही.