शब्दचर्चा : खाच, खोबण आणि डोव्हटेल बिट

रंधा : राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र, त्याच्याबरोबर आलेल्या मराठी माहितीपत्रकात रॅबेट, ग्रूव्ह, डॅडो या सगळ्यांना सरसकट ‘खाच’ म्हटलंय. सुतारकामात खाच आणि खोबण वेगळी मानतात ना? आणि डोव्हटेलसाठी कोणता शब्द घ्यावा?

पटाशी : वेगळी मानतात, आणि राउटर हातात असेल तर मानायलाच हवीत. फळीच्या कडेला एक अंग उघडं राहिलं तर ती खाच, म्हणजे रॅबेट. दोन्ही अंगांना भिंत राहिली तर खोबण, म्हणजे ग्रूव्ह किंवा डॅडो. खाचेत बिट (राउटरचं फिरतं पातं) एकाच अंगाने लाकूड खातं. राउटर पुढे ढकलताना ते लाकूड तुमच्या डावीकडे हवं. उजवीकडे असेल तर बिट लाकडाला धरून राउटर स्वतःच पुढे पळवतं, हाताला आवरत नाही. खोबणीत पहिल्या फेरीला दोन्ही भिंती एकदम कापल्या जातात आणि राउटर डावीकडे सरकू बघतो. म्हणून सरळ पट्टी डावीकडेच क्लॅम्पने आवळायची. पुढे खोबण रुंद करायची झाली तर कुठली भिंत कापतोय हे बघून दिशा ठरवावी. उजवी भिंत असेल तर उलट्या टोकाकडून या.

सागवान : मी ‘डोव्हटेल खोबण’ म्हणेन. तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद. डोव्हटेलचं बिट थोडं थोडं खाली नेता येत नाही, कारण वरच्या फेरीतच तोंड रुंद होऊन बसतं. पूर्ण खोली एकाच फेरीत. त्याआधी सरळ बिटाने मधलं लाकूड काढून टाका, नाहीतर सागात बिट तापतं, भुसा अडकतो आणि अरुंद दांडा मोडू शकतो.

रंधा : माझं डोव्हटेल बिट तळाशी 12.7 मिमी रुंद, 14 अंशांचं, खोली 10 मिमी. आधी 8 मिमीचं सरळ बिट चालेल?

सागवान : नाही, तोंड 7.7 मिमीच येतं, 8 ने ते बिघडेल. 6 मिमीचं घ्या, 9.5 मिमी खोल चालवा, तळ डोव्हटेल बिटाला साफ करू द्या. आणि राउटर चालू असताना मधेच वर उचलायचा नाही. खोबणीचं तोंड फाटतं. टोकातून बाहेर काढा, किंवा जागच्या जागी बंद करून बिट पूर्ण थांबल्यावर मागे ओढून घ्या.

पटाशी : बाहेर पडतानाही ढलपा उडतो. टोकाला टाकाऊ पट्टी घट्ट लावा, ती फाटू दे.

रंधा : लॉक मायटर बिट (एकमेकांत अडकणारा 45 अंशांचा कोपरा-सांधा कापणारं) हातच्या राउटरवर चालेल?

पटाशी : अजिबात नाही. ते फक्त राउटर टेबलावर, आडपट्टी आणि फेदरबोर्ड (लाकूड दाबून धरणारी दातेरी फळी) लावून. 65 मिमीच्या वर व्यास असेल तर मिनिटाला 10,000 ते 12,000 फेरे, तेही बिटावरच्या कमाल वेगाच्या आतच. दांडा 12 किंवा 12.7 मिमीचा, कोलेटही (दांडा पकडणारा भाग) त्याच मापाचा. दांडा पूर्ण आत घालून 2-3 मिमी वर ओढायचा, मगच नट आवळायचा. बुडाला टेकवून आवळला तर पकड फसवी बसते आणि बिट हळूहळू वर चढतं.