मदत हवी आहे : हळूहळू सरकणारे खोटे जीपीएस स्थान रोव्हरने ओळखावे कसे?

सोलापूरजवळच्या डाळिंबाच्या बागेत ओळींमधून फिरणारा चारचाकी रोव्हर आम्ही बनवत आहोत. त्यावर आर्डुपायलट (वाहन आपोआप चालवणारी संगणकप्रणाली), एकच जीपीएस रिसीव्हर, जायरोस्कोप (वळण्याचा वेग मोजणारा संवेदक) आणि चाकांचे एन्कोडर (चाके किती फिरली ते मोजणारे संवेदक) आहेत. नागरी वापराचा 1575.42 मेगाहर्ट्झवरील जीपीएस संकेत सांकेतिक कुलपाविना, शिवाय अतिशय क्षीण येतो. त्यामुळे कोणी बनावट संकेत सोडल्यास माणसांमध्ये चालणारे हे यंत्र भलतीकडे जाईल, याची मला खरोखर काळजी वाटते.

सिम्युलेटरमध्ये स्थान एकदम 20 मीटर सरकवले, तेव्हा कालमन फिल्टरने (सर्व संवेदकांच्या मोजणीतून स्थानाचा अंदाज बांधणाऱ्या गणिती पद्धतीने) ते तत्काळ नाकारले. मात्र दर सेकंदाला 3 सेंटिमीटर सरकवल्यावर एकही इशारा आला नाही; नकाशावर रोव्हर रेषेवरच दिसत होता, आणि प्रत्यक्षात दोन मिनिटांत साडेतीन मीटर बाजूला, शेजारच्या ओळीतल्या ठिबकच्या नळीवर पोहोचला होता. फिल्टरची स्थान नाकारण्याची मर्यादा घट्ट केली, तर झाडांच्या आडोशाला खरे स्थानही नाकारले जाते. एन्कोडरशी तुलना केली, पण ओल्या काळ्या मातीत चाके घसरतात आणि खोटा इशारा मिळतो.

खरा बनावट संकेत हवेत सोडून चाचणी घेणे बेकायदेशीर असल्याने ते करणार नाही. कॅमेरा किंवा लायडार (लेसरने अंतर मोजणारे उपकरण) घेण्याइतका निधी नाही; होकायंत्र मोटारींजवळ भरकटते.

एन्कोडर, जायरोस्कोप आणि जीपीएस यांच्यातील फरक किती सेकंदांच्या कालखंडात साठवत न्यावा, आणि चाकांची घसरण व स्थानाची फसवणूक वेगळी ओळखता येईल अशी मर्यादा कोणत्या पद्धतीने ठरवावी?